तुळशीपाशी चप्पल

सबनीस मॅडमनी दोन्ही सर्किट बोर्डं माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, "दोन्ही आयसी पास आहेत. आता यातली एक निवड."

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमची छोटी कंपनी होती, विजेची मीटरं बनवणारी. चकती फिरणारी जुनी मीटरं जाऊन त्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटरं येणार, असा तो काळ. नव्या मीटरचा सगळा जीव एका आयसीत, नखाएवढ्या चिपमध्ये, असतो. वीज मोजणं, एवढ्या एकाच कामासाठी बनवलेली आयसी. मॅडम आमच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. चहा त्या घ्यायच्या बिनसाखरेचा आणि बोलायच्याही तशाच.

"साधी घेतली तर काय?" त्यांनी विचारलं.

"एकाच तारेवर मोजते. अचूक मोजते. स्वस्त आहे, मागू तेवढी मिळते."

"आणि ही दुसरी?"

"वीज घरात जाते ती तार आणि घरातून परत येते ती तार, दोन्हींवर मोजते. जिच्यात जास्त, ती धरते. दोन्हींत फरक दिसला तर लाल दिवा लावते. पण जादा सेन्सर लागतो, आणि माल बाहेरून यायला वेळ लागतो."

"वीज बोर्डाच्या टेंडरमध्ये दुसरीची सक्ती आहे?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?"

मी त्यांना एक चाचणी करून दाखवली. मीटरच्या तारा उलट्या जोडल्या, बल्ब लावला आणि बल्बातून परत येणारी वीज मीटरकडे न पाठवता मागच्या आवारात अर्थिंगसाठी पुरलेल्या कांबेत सोडून दिली. बल्ब लखलखीत पेटला. साध्या आयसीचं मीटर मात्र ढिम्म. दुसरीनं क्षणात लाल दिवा लावला आणि आकडे पळायला लागले.

"ही चाचणी कुठल्या पुस्तकात आहे, उमाकांत?"

"आमच्या गल्लीत आहे, मॅडम."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "सोमवारी मला एक नाव सांग आणि कारण सांग. मालकांना जास्तीच्या खर्चाचं कारण लागतं."

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या दुकानात आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील. "शनवारी ये. काम हाय," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. फोनवर ते नेहमीच घाईत असत, जसा काही समोरचा माणूस वीज जाळत उभा आहे.

आमचं गाव कोल्हापूरकडचं, यंत्रमागांचं. गल्लीत शिरलं की कानात खडखडाट भरतो आणि गाव सोडेपर्यंत निघत नाही. ज्यांचे स्वतःचे माग नाहीत, त्यांच्या घरात कांडी मशीन. मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरून द्यायचं, हे बायकांचं घरबसल्याचं काम. आमच्याही सोप्यात कांडी मशीन होतं. आधी त्यावर आई बसायची, आता माझी वहिनी, शैला.

आबा खाजगी वायरमन. त्यांनी वायर ओढली नाही असं एक घर आमच्या गल्लीत नव्हतं. आणि त्यांनी ती दुसरी करामत करून दिली नाही असंही घर नव्हतं. मी मॅडमना दाखवली तीच. मीटरला वाटावं घरात कोणी नाही, आणि घरात मशीन दिवसभर फिरावं. त्यासाठी परतीची वीज जमिनीत सोडावी लागते, आणि जमिनीत वीज मुरायला तिथली माती ओली हवी. कांब कुठे पुरायची, तर जिथे रोज पाणी पडतं आणि बोर्डाचा माणूस कधी हात लावत नाही, अशा जागी. आबांनी प्रत्येक घरी ती तुळशीच्या कट्ट्यात पुरली होती.

त्या शनिवारी मी पोचलो तेव्हा वहिनी तुळशीलाच पाणी घालत होती. तांब्यानं नाही, बादलीनं. आणि पायात निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. मला ते खटकलं. आमच्या आईनं तुळशीपाशी कधी चप्पल नेली नाही. उन्हाळ्यात पाय पोळले तरी ती उंबऱ्याशी चप्पल काढायची आणि चटकचटक पावलं टाकत जायची. पण मी आई गेल्यापासून घरी पाव्हण्यासारखाच यायचो. घरच्या सुनेला शिकवणारा मी कोण?

"आलासा भावजी? हातपाय धुवा, भाकरी तयार हाय," वहिनी म्हणाली.

जेवायला आबा, दादा आणि मी. दादा दुसऱ्याच्या मागावर कामाला होता. पाळी सुरू व्हायच्या आत जेवून घ्यायचं, म्हणून तो मान खाली घालून भराभर खात होता. आबांनी मात्र भाकरी मोडून तशीच ठेवली.

"ते नवं मीटर तू करालायस म्हणं?"

"मी एकटा न्हाई. कंपनी करतीय."

"उलटं जोडलं तर धरतंय का ते?"

आबांनी प्रश्न असा विचारला, जसा डॉक्टर दुखणं दाबून विचारतो. मी म्हणालो, "आयसीवर हाय. एक धरती, एक धरत न्हाई."

"कुठली घालायची ते कोन ठरवतंय?"

"मी."

दादाचा घास तोंडाशीच थांबला. आबांच्या चेहऱ्यावर आधी काय आलं ते मला अजून आठवतं. अभिमान आला. हातात पक्कड घेऊन ज्या माणसानं जन्म काढला, त्याचा मुलगा अख्ख्या जिल्ह्याच्या मीटरात काय बसवायचं ते ठरवणार होता. मग तो अभिमान ओसरला आणि त्यांनी माझ्या ताटात आपल्या हातानं ठेचा वाढला. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"मग साधी घाल," ते म्हणाले. "तुझ्या कंपनीचंबी पैसं वाचत्यात, हितली चूलबी चालतीय. कुनाचं काय जातंय?"

"आबा, ती चोरी हाय."

"मागवाल्याचा दर बघितलास? कांडीला काय सुटतंय ते शैलाला इचार. खरं बिल भरलं तर मशीन भंगारात घालायचं आणि घरात गप बसायचं. आपलंच न्हवं, सगळ्या गल्लीचं."

दादा पहिल्यांदा बोलला. "उमा, पोरांच्या शाळा त्या कांडीवर चालल्यात. माझा पगार बायकोपोरांच्या भाकरीतच संपतोय. एवढं बघ." तो उठला, हात धुतला आणि माझ्याकडे न बघता पाळीला निघून गेला.

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. साधी आयसी घ्यायला माझ्याकडे कारणं भरपूर होती, अगदी मॅडमना आवडतील अशी. आबांना मी तोंडानं हो म्हटलं नाही, पण मनात मी बराचसा तिकडे झुकलो होतो.

हात धुवायला मागच्या दारी गेलो. उन्हं तापली होती. आमच्या परड्यातून शेजारची दोन परडी दिसतात. पलीकडे खारगे काकू तुळशीला पाणी घालत होत्या. बादलीनं. पायात निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. त्यांच्याही पलीकडे एक नवी सून, हातात हिरवा चुडा, बादली रिकामी करत होती. तिच्याही पायात तीच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि आमच्या तुळशीच्या कट्ट्यापाशी गेलो.

"थांब!" मागून आबा ओरडले. "हात लावू नको. कांडी चालू हाय."

म्हणजे कांब अजून तिथेच होती. आत मशीन फिरत होतं आणि त्याची वीज माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर मातीत उतरत होती.

आता सांगायलाच हवं. मी डिप्लोमाला असताना, दिवाळीच्या सुट्टीत, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आई गेली. गल्लीत सांगतात की फिट आली. डॉक्टरांनीही तसंच काहीतरी लिहून दिलं. मी आतल्या खोलीत होतो. आईचा आवाज आला नाही, तांब्या पडल्याचा आला. धावत परड्यात गेलो तर आई कट्ट्याशी आडवी. एका हातात खुरपं, शेजारी कालवलेली काव सांडलेली. लग्नासाठी ती कट्टा साफ करून रंगवायला बसली होती. आबांनी मेन स्विच पाडला होता. त्यांचा एक हात आईच्या खांद्यावर होता, आणि दुसऱ्या हातानं ते मातीतून तार ओढून काढत होते. दोन्ही हात एकाच वेळी. आधी आई, मग तार, असं नाही. बोर्डाचा माणूस यायच्या आत तार निघायला हवी होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यानंतर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. मी इतकी वर्षं समजत होतो, की तुळशीतली ती तार तेव्हा निघाली ती निघाली, आणि चोरी चालू असली तरी कांब आता दुसरीकडे कुठे असेल.

"परत पुरली?" मी विचारलं.

आबा जवळ आले. हळू आवाजात, एखादं काम समजावून सांगावं तसं म्हणाले, "तवा क्लॅम्प सैल झाला हुता. तार सुटून मातीत आल्ती, तिच्या खुरप्याला लागली. आता वेल्डिंग करून घेतलंय. गल्लीत सगळ्यांचं. आता काय हुत न्हाई."

इतक्या वर्षांनी आईविषयी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, ते हे. वेल्डिंग करून घेतलंय. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खुरपं हातात होतं, ते मी लांब फेकून दिलं.

"तिला म्हाईत हुतं?"

"म्हाईत न्हवतं असं कसं? मी रोज सांगत हुतो, चप्पल घालून जा म्हणून. ऐकली न्हाई. देवाम्होरं चप्पल घालून कोन जातंय, म्हणायची."

"खोटं बोलताय तुमी."

"रोज सांगत हुतो, उमा."

माझा विश्वास बसला नाही. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळं ठेवून हा माणूस मोकळा होतोय, असंच मला वाटलं. आईला ते आयुष्यात कधी नावानं हाक मारत नसत. 'अगं ए' हेच तिचं नाव. अशा माणसानं रोज काळजीनं काही सांगितलं असेल, हे माझ्या डोक्यात शिरेना.

मशीन थांबलं. वहिनी दारात येऊन उभी होती, केसांत सुताचा कापूस. तिनं सगळं ऐकलं होतं. आबा तिच्या बाजूनं आत निघून गेले.

"वहिनी, इथं पाणी घालायचं बंद करा. या कट्ट्यात..."

"मला म्हाईत हाय, भावजी."

"कधीपासनं?"

"अंगाची हळद निघायच्या आत. खारगे काकूंनी ही चप्पल आणून दिली. म्हणाल्या, तुळशीम्होरं काढायची न्हाई. आमच्या गल्लीत नव्या सुनंला आधी चप्पल देत्यात. सासूबाई गेल्यापासनं." तिनं पायाकडे बघितलं. "ती पलीकडली परवा आली, तिला मी दिली."

म्हणजे आईच्या मरणाचं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फिट आली म्हणणाऱ्यांनाही. आणि ते कळल्यावर गल्लीनं काय केलं? कांब काढली नाही. चप्पल घातली.

"मग सोमवारी मी दुसरी आयसी सांगतो," मी म्हणालो. "चोरीच चालली न्हाई तर कुनी कांब ठेवणार न्हाई."

"नको भावजी." ती पायरीवर बसली. माझ्याशी ती कधी वर मान करून बोलत नसे, तेव्हा बोलली. "साधी घाला. दोन पोरं हैत. मी चप्पल घालतीय की. रोज घालतीय, इसरत न्हाई."

जिच्यासाठी करायचं तीच हात जोडत होती. मी पिशवी उचलली आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत घरोघरची कांडी मशीनं ऐकू येत होती. दर घरामागे एक तुळस, आणि तिला भरपूर पाणी. त्या गल्लीइतक्या टवटवीत तुळशी मी कुठे पाहिल्या नाहीत.

सोमवारी मॅडमनी विचारलं, "कुठली?"

"दुसरी."

"कारण?"

"साधी घातली तर लोक वीज जमिनीत सोडतात."

"ती बोर्डाची डोकेदुखी. आपलं काय?"

"माझी आई गेली त्यात."

मॅडमनी चष्मा काढला. मग त्यांनी मालकांसाठी टिपण लिहायला घेतलं. मला दाखवलं तेव्हा त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या आयसीनं बोर्डाचा बुडणारा महसूल वाचेल, म्हणून पुढची ऑर्डर आपल्यालाच मिळेल. "तुझं कारण मला पुरेसं आहे," त्या म्हणाल्या, "पण वर हेच चालेल." आणि तेच चाललं.

मीटरं गल्लीत बसली. एक-दोन बिलं आली आणि लोकांना कळून चुकलं. मग आबांनीच पक्कड घेऊन घरोघरी जाऊन आपण पुरलेल्या कांबी उपटल्या, असं दादानं मला सांगितलं. कुठल्याही घरी त्यांनी त्याची मजुरी घेतली नाही, आणि कुठल्याही घरी चहासुद्धा घेतला नाही. कांडी मशीनं एकेक करून बंद पडली. आमचं भंगारवाल्यानं नेलं. वहिनी हमरस्त्यावरच्या गारमेंटच्या शेडमध्ये जायला लागली, सकाळी डबा घेऊन, संध्याकाळी पाय सुजवून. दादाच्या थोरल्यानं दहावीनंतर शाळा सोडली आणि तो मागावर उभा राहिला. गल्लीत माझं नाव 'मीटरवाला' पडलं. मी समोरून आलो की लोक बोलता बोलता गप्प होत.

आबा माझ्याशी बोलायचे थांबले. मी समोर बसलेला असलो तरी ते दादाला म्हणत, "त्याला इचार, जेवनार हाय का." वहिनी चहा द्यायची, पण कसे आहात असं तिनं मला परत विचारलं नाही. मी बरोबर केलं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण बरोबर केल्याचं समाधान कसं असतं, ते मला काही कळलं नाही.

गेल्या कार्तिकात घरी गेलो होतो. आबा आता परड्याच्या दारात खाटेवर असतात. नजर गेली आहे म्हटलं तरी चालेल, आणि मधूनच माणसं ओळखत नाहीत. मी त्यांच्या पायाशी टेकलो. वहिनी कामावरून आली, हातपाय धुतले, तांब्या भरून घेतला आणि तुळशीकडे निघाली. तांब्या, बादली नाही. आणि अनवाणी. तिच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटत गेले आणि मला वाटलं, एवढं एक तरी झालं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

"अगं ए!" खाटेवरून आबा ओरडले. "चप्पल घाल!"

वहिनी थांबली. तिला ते शैला म्हणतात, तिला 'अगं ए' कधीच म्हणत नाहीत. तिनं तांब्या खाली ठेवला, परत दाराशी आली, पायांत चप्पल सरकवली आणि मग तुळशीकडे गेली.

"रोज असंच," परत येताना ती मला म्हणाली. "आता जमिनीत काय न्हाई म्हणून लई येळा सांगितलं. कळत न्हाई त्यास्नी. घालते मग."

आबा तिच्या चपलेचा आवाज कान देऊन ऐकत होते. तो ऐकू आल्यावर त्यांनी मान उशीवर टेकली, आणि मी कोण बसलोय ते न ओळखता माझा हात धरला.

"रोज सांगतोय रं तिला," ते म्हणाले. "ऐकतच न्हाई."